सुहासच्या उंच गाडीची जोडकामं

सलीमभाई कापून उरलेला लोखंडाचा तुकडा कधी फेकत नाहीत. "लागंल कवातरी," म्हणतात आणि कोपऱ्यात ठेवतात. साताऱ्यात एमआयडीसीकडं जाताना लागणारी त्यांची शेड अशा तुकड्यांनीच अर्धी भरली आहे. मीही त्या शेडमध्ये ऐकलेलं, पाहिलेलं काही फेकलेलं नाही. किस्से मुद्दाम गोळा करायला गेलं की हाती लागत नाहीत. रविवारी सकाळी चहाचा ग्लास घेऊन नुसतं बसावं लागतं.

बसणारे तिघे. सलीमभाई, धंदा गेट आणि ग्रिल बनवण्याचा. सुभेदार, पलटणीतून निवृत्त. त्यांना त्यांची बायकोसुद्धा सुभेदारच म्हणते. आणि विट्याचे अण्णा. त्यांचं तमिळनाडूत पंचवीस वर्षं गलाईचं दुकान होतं, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं. चौथा माझा नवरा, सुहास. गाडी त्याची. डांबरी रस्ता संपला तरी न थांबणारी, उंच, लांब टांगांची ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकल. गाडी एकाची आणि तिच्यावर डोकं चालवणारे चार!

सुहास दोन वर्षांपूर्वी गेला. गाडीवरून नाही, लोक आधी तेच विचारतात. घरी, दुपारी, पेपर वाचताना. तेव्हापासून गाडी शेडमध्ये आहे. ती विकायची की ठेवायची, हे मला ठरवायचं आहे. पुण्याची लेक म्हणते, "आई, विकून टाक. तू चालवणार आहेस का?" तिचं बरोबर आहे. त्या गाडीवर बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. शेडमधले तिघे यावर अवाक्षर काढत नाहीत. गाडी पुसतात आणि जुन्या गोष्टी काढतात.

*

पहिलं जोडकाम साइड स्टँडचं. म्हसवडजवळ माणगंगेच्या वाळूत सुहासनं गाडी स्टँडवर लावली, दोन पावलं चालला आणि मागं धप्प! स्टँडचं टोक वाळूत रुतलं, गाडी आडवी.

सलीमभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "एवढंच न्हवं? खाली पत्रा मारू."

तळहाताएवढा तुकडा पुरला असता. पण माणूस आयुष्यभर गेटचे खांब उभे करणारा. खांबाखाली जी प्लेट टाकतात, तीच त्यांनी टाकली. जेवायच्या ताटाएवढी, चार कोपऱ्यांत बोल्टसाठी चार भोकं!

सुहास म्हणाला, "सलीमभाई, भोकं कशाला?"

"ऱ्हाऊ दे की. उद्या काँक्रीटमधी बशिवली तर जल्मात पडायची न्हाई!"

सुभेदारांनी त्या ताटाभोवती एक फेरी मारली. खाली वाकून बघितलं. म्हणाले, "मधी फकस्त गोल रंगवा. हेलिकॉप्टर उतरंल."

पुढच्याच रविवारी कासच्या एका डाव्या वळणावर ते ताट रस्त्याला घासलं आणि ठिणग्या उडाल्या. मग ते कापून तळहाताएवढं झालं. कापलेला तुकडा कुठं गेला, हे सांगायला नको.

*

सामानाचे दोन पत्र्याचे डबे मागं दोन्ही बाजूंना बसवले, तेव्हा अण्णांचं राज्य सुरू झालं. ज्या माणसानं पंचवीस वर्षं रतीभर इकडंतिकडं होऊ दिलं नाही, तो डब्यांच्या वजनात ढिलाई कशी खपवून घेणार? डावा आणि उजवा, वजन एक पाहिजे. विट्याहून येताना पिशवीत काटा घेऊन येत.

सुहास हसायचा. "अण्णा, रस्त्यात खड्डेच एवढे आहेत, किलो-अर्धा किलोनं काय होतंय?"

"खड्डं सरकारचं हायत. वजन आपलं हाय."

एकदा आम्ही ठोसेघरला निघालो. मी मागं बसणार होते. डावीकडं पाने आणि पंक्चरचं सामान, उजवीकडं जेवणाचा डबा. अण्णांनी काट्यावर घालून दोन्ही बाजू तंतोतंत केल्या. त्यासाठी माझी एक भाकरी उजवीकडून डावीकडं, पान्यांच्या शेजारी गेली. धबधब्यापाशी आम्ही जेवलो, भांडी घासून परत ठेवली आणि सुहासनं अण्णांना मुद्दाम फोन लावला.

"अण्णा, जेवण झालं. उजवा डबा हलका झाला. आता काय करू?"

पलीकडं आकड्यांचं पुटपुटणं. हिशेब चालू असावा. मग अत्यंत गंभीर आवाज आला.

"किती जेवला, ते आधी सांग."

*

सुभेदारांचं योगदान म्हणजे हँडलवरचे पंजे. झुडपातून जाताना फांद्या बोटांवर बसू नयेत म्हणून हँडलच्या दोन टोकांना पुढून ढाल लावतात. बाजारात मिळते. पण सुभेदारांचं म्हणणं, "जो है उसीमें काम चलाना, ही फौज." त्यांनी घरचा प्लॅस्टिकचा मोठा कॅन उभा चिरला, गरम पाण्यात घालून वाकवला आणि दोन झकास ढाली करून आणल्या. वर काळा रंग. कुणाला वाटलं नसतं, घरी केल्यात.

त्या लावून आम्ही दहिवडीला, माझ्या माहेरी मुक्कामाला गेलो. सकाळी आई अंगण झाडायला उठली आणि तिनं हाक मारली. पुढच्या चाकावरून मुंग्यांची रांग चढली होती. मडगार्डवरून वर, दिव्याला वळसा घालून थेट हँडलपर्यंत. दुसरी रांग उतरत होती.

कॅन काकवीचा होता. सुभेदारांनी तो एकदाच विसळला होता.

आई बराच वेळ बघत उभी राहिली. माझ्या वडिलांना मधुमेह होता, तिला मुंग्यांचा एकच अर्थ ठाऊक. हळूच सुहासला म्हणाली, "जावईबापू, गाडीची शुगर तपासून घ्या एकदा."

*

माझ्यासाठी एकच जोडकाम झालं. माण तालुक्यातल्या रस्त्यांवर मागं बसून माझी पाठ दुखायची, म्हणून सुहासनं सलीमभाईंना पाठीला टेकू करायला सांगितलं. सलीमभाई हो म्हणाले आणि तिथंच अडचण झाली. गेटचं माप घेतात तसं वहिनीच्या पाठीचं माप कसं घ्यायचं? त्यांनी विचारलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही.

टेकू तयार झाला. मी बसले, तर तो मानेवर! सुभेदार म्हणाले, "वहिनी, दाढी का कटिंग?"

सलीमभाई कसनुसे झाले. कापून आणतो म्हणाले. पुढच्या खेपेला तो थोडा खाली आला, पण मानेशीच. तिसऱ्या खेपेला तेच. एवढं हातात माप असलेला माणूस, तीनदा चुकतोय म्हणजे काय?

चौथ्या रविवारी शेडच्या मागच्या घरातून रुखसानाभाभी हातात शिलाईची टेप घेऊन बाहेर आल्या. उंचपुऱ्या बाई, माझ्याहून वीतभर तरी जास्त. माझी पाठ मोजली, आकडा खडूनं पत्र्यावर लिहिला आणि नवऱ्याकडं वळल्या.

"महिना झाला, ह्ये मला सिमेंटच्या पोत्यावर बसवून माप घेत्यात. मला वाटलं, मलाच फिरवायला न्हेणार हायत!"

सुहास तिथंच खाली बसून हसला. पुढं कितीतरी दिवस तो सलीमभाईंना विचारायचा, "पोतं कुठं ठेवलंय?" त्या वर्षी सलीमभाईंनी त्याच्याकडून एका रविवारी गाडी मागून नेली. भाभी मागं बसल्या होत्या. टेकू त्यांना बुटका पडत होता, पण त्यांनी काही तक्रार केली नाही म्हणे.

*

सुहास गेल्यावर गाडी माझ्या नावावर करायची होती. विकायची म्हटली तरी आधी ते करावं लागतं. त्यासाठी आरटीओत चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा आणायला सांगितलं होतं. हँडलखाली सांगाड्यावर तो नंबर कोरलेला असतो. मी रविवारी शेडमध्ये कागद-पेन्सिल घेऊन गेले. सलीमभाई खाली वाकले आणि तसेच राहिले.

नंबर दिसत नव्हता. जादा दिवे लावण्यासाठी त्यांनी कधीकाळी एक पट्टी वेल्डिंगचे दोन टाके मारून बसवली होती. बरोबर त्या नंबरावर.

"कापा की," सुभेदार म्हणाले.

सलीमभाईंनी ग्राइंडर उचलला, वायर लावली आणि खाली ठेवला. "ह्यो दिवा लावताना सुहासनं धरला हुता," म्हणाले. "माज्यानं न्हाई हुयाचं."

मग अण्णा पुढं झाले. मशीन नको म्हणाले. खाली वर्तमानपत्राचा कागद पसरला, बारीक पातं घेतलं आणि दागिना कापावा तसे ते दोन टाके हातानं कापले. तासभर लागला. पट्टी निघाली, नंबर शाबूत होता. मी ठसा घेतला.

माझं होईपर्यंत अण्णांनी कागदावर पडलेला लोखंडाचा कीस बोटानं एका जागी गोळा केला होता. त्याची छोटी पुडी बांधून त्यांनी माझ्या हातात दिली.

"अण्णा, लोखंड आहे हो हे."

"व्हय," ते म्हणाले. "सवय हाय. कण सोडायचा न्हाई."

*

शेवटी मी विकायचं ठरवलं. लेकीनं सांगलीचे एक गृहस्थ शोधले होते. बुधवारी सकाळी येतो म्हणाले. मी फक्त सलीमभाईंना कळवलं, कारण गाडी त्यांच्याकडं होती. बुधवारी मी शेडमध्ये पोचले, तर सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर. अण्णा विट्याहून पहिल्या एसटीनं आलेले.

"अण्णा, आज बुधवार आहे."

"ठावं हाय की."

सांगलीचे गृहस्थ चांगले होते. मऊ बोलणारे. गाडीभोवती फिरले, डबे उघडून बघितले, टेकूवर हात ठेवला. "फार प्रेमानं केलंय सगळं," म्हणाले. मला त्यांना नाही म्हणण्यासारखं काही सापडेना. ते गाडीवर बसले. त्यांचे पाय व्यवस्थित टेकले. किल्ली फिरवली, दिवे लागले, स्टार्टरचं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही.

"सकाळच्याला तर चालू केलती म्या," सलीमभाई म्हणाले. दर आठवड्याला ते ती चालू करून ठेवतातच.

मग तिघं कामाला लागले. सुभेदारांनी फ्यूज काढला, उजेडात धरला, फुंकर मारली, परत बसवला. अण्णांनी बॅटरीच्या वायरी घट्ट केल्या, सैल केल्या, परत घट्ट केल्या. सलीमभाईंनी प्लग काढून शर्टाला पुसला. "करंट येत न्हाई." "येतोय, पर पोचत न्हाई." "जुनं वायरिंग, साहेब. काय भरवसा न्हाई." गृहस्थ तासभर उन्हात उभे होते. त्यांनी तीनदा घड्याळ बघितलं. शेवटी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "ताई, मला लांबच्या प्रवासाला पाहिजे होती. रस्त्यात असं झालं तर? राग मानू नका, मी दुसरी बघतो."

मी म्हटलं, "राग कसला."

त्यांची कार वळून रस्त्याला लागेपर्यंत आम्ही चौघं तिकडं बघत होतो. रुखसानाभाभींनी चहा आणून ठेवला होता. कुणी ग्लास उचलत नव्हतं.

मी गाडीपाशी गेले. टाकीच्या खाली, डाव्या बाजूला, वायरींच्या मागं हात घातला. तिथं नखाएवढा एक स्विच आहे. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून सुहासनं बसवलेला. तो बंद होता. एरवी कधीच बंद नसतो. मी तो चालू केला आणि बटण दाबलं. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली.

मी मागं वळून बघितलं. तिघांपैकी कुणालाही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

सलीमभाई म्हणाले, "वहिनी, तुमाला ठावं हुतं?"

"सुहासनं सांगितलं होतं. म्हणाला, फक्त तुलाच सांगतोय."

सुभेदारांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा हात पुसत होते.

"मला बी असंच म्हनला हुता," अण्णा म्हणाले.

"आन् मला," सुभेदार म्हणाले.

सलीमभाईंनी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्यांचा चेहरा खरंच दुखावल्यासारखा झाला होता.

"आरं गड्या," ते म्हणाले, "बसवला तर म्या की!"