बांगड्या फोडणारी बाई

मला सिनेमात घेतलं ते गाण्यासाठी नाही, रडण्यासाठी. आधीच सांगून टाकते, कारण अजून लोक विचारतात, एवढा गळा आणि सिनेमात एकही गाणं कसं नाही? नाही बाबा. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. डहाणूच्या किनाऱ्यावर शूटिंगवाले आले. त्यांना होडीवाल्याची बायको हवी होती. नवरा समुद्रातून परत येत नाही आणि ती ओल्या वाळूत बसून दगडावर बांगड्या फोडते, एवढंच काम. मी तेव्हा संगीत नाटकात नायिकेची पदं म्हणायचे, म्हणून आमच्या मंडळीच्या मालकांनी, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, मला पुढे केलं. बसले, फोडल्या, रडले. दुपारी घरी येऊन बोंबील वाळत घातले. संपलं, असं मला वाटलं.

कुठलं संपायला! सिनेमा तंबूत लागला आणि सगळा मुलूख रडला. माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बांगड्या फोडणारी बाई, बस.

त्यात आमचे हे खरंच होडीवर जाणारे. नारळी पुनवेला गल्लीतल्या सवाष्णी होडी पूजतात. त्या वर्षी मी ताट घेऊन गेले, तर शेजारची काकी म्हणते, "तू मागं उभी राहा गं बाय. तुझं पाहिलंय आम्ही."

"अगं काकी, माझा नवरा हा काय, होडीत बसलाय!"

"दिसतोय ना. होडी सुटू दे, मग ये पुढं."

हे होडीत बसून विडी ओढत होते. हसले. मला काही हसू आलं नाही.

नाटकातही तेच. घोलवडला एका चिकूवाडीवाल्या शेठनं खेळ ठेवला होता. मी राजकन्या. जरीचं पातळ, कोपरापर्यंत हिरवा चुडा. पहिलंच पद अर्ध्यावर आलं, तर पुढच्या खुर्चीतून शेठ म्हणाला, "बेन, गायन तो सरस छे. पण पेलो बंगडीवाळो सीन क्यारे?" तो बांगड्यांचा प्रवेश कधी, म्हणे. झालं. सगळे ओरडायला लागले. मास्तरांनी विंगेतून मान हलवली, कर म्हणून.

तेव्हापासून नाटक कुठलंही असो, शेवटी कुणीतरी बुडायचंच. पुराणातल्या गोष्टीत समुद्र नसला तर मास्तर नदी आणायचे. माझी पदं एकेक करून गळाली. पायपेटीवाला निवांत पान लावत बसायचा.

सासूबाईंना हे कळलं. मासळी विकून घर चालवलेली बाई, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फोडायच्या तर फोड. पण फोडशील तेव्हा तो तुझ्या डोळ्यांसमोर पाहिजे. देवीला दिसू दे, माणूस जिता आहे."

मग काय, खेळ सायवनला असो की तलासरीला, हे पुढच्या बाकड्यावर. होडी निघायची तेव्हा हे माझ्याबरोबर बैलगाडीत. किती दिवस चालणार? होडीच्या तांडेलानं यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. हे लोकांना हसत सांगायचे, "बायकोनं बाकड्याला बांधलंय मला." पण होड्या निघायच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन उभे राहायचे. मी दारातून बघायचे. मी त्या वाळूत अडकले ती अडकले, यांनाही ओढलं.

शेवटी मास्तरांना म्हटलं, "एक खेळ तरी मला नुसतं गाऊ द्या."

"बाय, तुझ्या गळ्याला कोण नाही म्हणतं? लोक गाड्या जुंपून येतात ते कशासाठी, ते बघ." पण मग म्हणाले, "झरीला करून बघू. तिकडं सिनेमा पोचलेला नाही. लोक बसले, तर तो प्रवेश कायमचा काढतो."

झरीला भात झोडून झालं होतं. खळ्यावरच रंगमंच. पहिलं पद झालं, दुसरं झालं, माणसं शांत. तिसरं पद मी कित्येक महिन्यांनी म्हणत होते. वरचा सूर लागला आणि मागून आवाज आला, "बांगड्या!" सिनेमा पोचला नव्हता, पण गोष्ट आमच्याआधी पोचली होती. मग चारी बाजूंनी तेच.

हे उठून बाकड्यावरच उभे राहिले. "अरे, गाऊ द्या की माझ्या बायकोला!"

सगळ्या माना यांच्याकडे वळल्या. मग कुणीतरी बोललं, "मेलेला बोलला रे!"

अख्खं खळं हसलं. पायपेटी थांबली. मी विंगेत जाऊन हात पुढे केला. मास्तरांकडे बांगड्या तयारच होत्या. घरूनच घेऊन आले होते. मी बाहेर येऊन बसले, फोडल्या. हसत होते तेच लोक पदरानं डोळे पुसायला लागले. बघते तर बाकड्यावर हेसुद्धा!

रंग धुऊन गाडीत बसल्यावर मी चिडून विचारलं, "तुम्ही कशाला रडलात? तुम्ही मेला नाहीत हे तुम्हाला तरी ठाऊक आहे ना?"

"त्याला नाही गं रडलो. ते तिसरं पद मी पुरं ऐकलंच नाही कधी. पुढं कसं जातं?"

मी हळूच म्हणायला लागले. गाडीवान झरीचाच, खेळभर बैलांपाशी बसून होता. पद संपल्यावर वळून म्हणाला, "आवाज बेस आहे बाय तुझा. पण ती बांगड्यावाली आली होती ना, ती कुठल्या गाडीत बसली?"

"ती पुढं गेली," हे म्हणाले.