धुक्यात न दिसलेला दिवा

आमचे वडील लोणावळ्यात एका बंगल्यावर मालकांच्या गाड्या धुवायचे. धुवायची मुभा होती, आत बसायची नव्हती. म्हणून कंपनीतून निवृत्त झाल्यावर दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तसलीच एक जुनी गाडी विकत घेतली, तेव्हा घरात कुणीच त्याला वेड्यात काढलं नाही. पहिल्या दिवशी वहिनी मागच्या सीटवर बसली, ती कायमची तिथेच बसायला लागली.

गाडीला मागे एकच दिवा होता, नंबरप्लेटच्या वर, पेढ्याएवढा. ब्रेक दाबला की तोच जरा जास्त पेटायचा. वळायचं असलं की दादा खिडकीतून हात काढायचा. आणखी दिवे लाव, असं मी एकदा सुचवलं होतं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मूळ रूपालाच मान असतो, असं तो म्हणाला. मलाही ते पटलं.

श्रावणातल्या एका दुपारी दोघं कार्ल्याला वहिनीच्या माहेरी निघाले. धुकं उतरलेलं होतं. गावाकडे वळण्यासाठी दादाने वेग कमी केला, हात बाहेर काढला आणि मागून टेम्पो आदळला. दादाचा खांदा मोडला. वहिनी दवाखान्यात पोचलीच नाही.

टेम्पोवाला आंबी गावचा होता, कारखान्यांचा माल पोचवायचा. जामीन झाल्यावर तो वहिनीच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणाच्या विधीला, आला आणि मंडपाबाहेरच उभा राहिला. दादाच उठून त्याच्याकडे गेला. टेम्पोवाला खाली बघत म्हणाला, "भाऊ, मी जोरात न्हवतो. पर तुमची गाडी मला दिसलीच न्हाई."

माझी पुतणी, दादाची एकुलती एक मुलगी, हे ऐकत होती. तिने त्याला तिथून जायला सांगितलं.

मागून धडकणाऱ्याचीच चूक, असं पोलिसांसकट सगळे धरून चालले होते. दादा मात्र आठवडाभर नीट जेवला नाही. मग मला बरोबर घेऊन चौकीत गेला आणि जबाब लिहून दिला, की माझ्या गाडीचा दिवा चालू होता, पण त्या धुक्यात तो दिसण्याजोगा नव्हता. पुतणीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आईला कोणी मारलं, ते तुम्हीच ठरवून टाकलंत." ती पुण्याला सासरी निघून गेली.

दादाने गाडी दुरुस्त करून घेतली. आता मागे दोन्ही बाजूंना ठळक लाल दिवे आहेत, वळण दाखवणारे पिवळे दिवे आहेत, मागच्या काचेत वरच्या बाजूला ब्रेकचा वेगळा दिवा आहे. जुना दिवाही त्याने ठेवला, वेगळ्या बटणावर; ते दाबलं की बाकीचे बंद होऊन तो एकटाच चालायचा.

पुढच्या पावसाळ्यात धुकं पडलं तशी त्याने गाडी शेताकडच्या आडरस्त्याला उभी केली. मला मागे चालत जायला सांगितलं. तो फोनवर विचारत होता, मी दिसतंय म्हणत होतो. गाडीचा आकार धुक्यात विरला तरी नवे दिवे स्पष्ट दिसत होते.

मग त्याने ते बंद करून जुना दिवा लावला. "आता?"

समोर नुसतं पांढरं होतं.

"दादा, बास कर. लाव ते दिवे."

"दिसतोय का, ते सांग."

"नाही."

मग तो स्वतः चालत माझ्याजवळ आला, मला गाडीत पाठवलं आणि जुना दिवा तसाच ठेवून ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं. मी आरशात पाहत होतो, पण तो मला दिसत नव्हता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. पाऊस नव्हता.

"खरं बोलत होता तो," दादा म्हणाला.

खटला अजून सुरू आहे. मेळाव्याला दादा गाडी घेऊन जातो आणि इतरांना मागे दिवे लावायला सांगतो. काही जण लावतात, बरेचसे हसून विषय बदलतात. पुतणी मला फोन करते, त्याच्या गोळ्यांबद्दल विचारते. फोन दादाला देऊ का, म्हटलं की नको म्हणते.