डोंबिवलीत घरपोच

वर्तकनगरात मी श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. वेबसाइट माझी मीच शिकून केली, बरं का! इंटरनेटवर शोधणाऱ्यांना आपण वर दिसायला हवं असेल तर गावांची नावं घाला, असं एका व्हिडिओत ऐकलं आणि मी 'डोंबिवलीत घरपोच' असं ठोकून दिलं. खरं तर वर्तकनगरच्या बाहेर कधी डबा नेला नव्हता. पण डोंबिवलीत शोधलं की मी सगळ्यात वर!

मग एका सकाळी तिथून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. "ताई, उद्या हिचं वर्षश्राद्ध. मला वडे-खीर काही जमत नाही. बारापर्यंत पान पाठवाल ना?"

आम्ही तिकडे येतच नाही, हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, "उद्याच्या ऑर्डरी भरल्या हो, काका."

"असं होय? चांगल्या हाताला मागणी असणारच. असू दे, मी वरणभात लावीन."

माझं कौतुक करत होते हो ते! फोन ठेवल्यावर मी आधी वेबसाइटवरून डोंबिवलीचं नाव काढून टाकलं. त्यांना परत फोन करून खरं सांगावं, नाहीतर रिक्षा करून पान पोचवावं, हे सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. केलं नाही.