घरमालकाच्या पोट्ट्याचं लग्न

यवतमाळात आम्हा मायलेकींमुळे बरीच लग्नं जमली. खोली पाहायला गेलो की घरमालक हसत किल्ली काढायचा, मग हळूच विचारायचा, "तुमच्यात कोणते?" आई सरळ सांगायची, "बौद्ध." दुसऱ्या दिवशी फोन: मुलाचं लग्न जमलं, खोली लागणार आहे. एकाचा मुलगा तर चौथीत होता. आईने फोनवरच विचारलं, "मांडव कुठी टाकून राह्यले?"

काहीतरी दुसरं सांगू, असं मी म्हटलं की ती भडकायची. "मंग बुद्धाची तसबीर काय पेटीत ठिवू?"

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तळमजल्याशिवाय भागेना. बऱ्याच पायपिटीनंतर एक घरमालकीण भेटली. शेतीवाली, विधवा. तिने 'बौद्ध' ऐकलं आणि म्हणाली, "ते ठीक हाय. पन माह्या पोट्ट्याचं लग्न..."

"जमलं!" आई म्हणाली.

"कायचं जमते, मावशी! शेतकरी नवऱ्याले पोरीच नाही म्हनतात. जमलं की मात्र खोली लागन मले."

आम्ही राहायला गेलो. आईने सगळ्यात आधी तसबिरीसाठी खिळा ठोकून घेतला. पोरगा गुणाचा होता, माझ्या आईला गाडीवर बसवून दवाखान्यात न्यायचा. तो मुलगी पाहायला निघाला की मी स्वयंपाक सोडून दारात बसून राहायचे, आणि नकार घेऊन परतला की मी निवांत भात टाकायचे. मला माझीच लाज वाटायची, पण त्याचं जमू नये असंच वाटायचं.

यंदा जमलं. ढाणकीची मुलगी. घरमालकीण पेढे घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. "मावशी, कोनत्या तोंडानं सांगू तुमाले?" आईने तिचाच पेढा तिच्या तोंडात घातला. लग्नाला आम्ही गेलो, आहेर केला, पोटभर जेवलो.

आता पुन्हा खोल्या पाहणं सुरू आहे. सामान बांधताना आई म्हणाली, "यावेळी बरं वाटून राह्यलं. लगन खरं होतं." मी भिंतीतला खिळा काढत होते. मला काही बरं वाटत नव्हतं.

काल एक तळमजल्याची खोली पाहिली, मोकळी, उजेडाची. घरमालकाने विचारलं, आईने सांगितलं. आज सकाळी त्याचा फोन आला. आईने उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून ठेवून दिला. मांडवाचं तिने विचारलं नाही.