दुर्गाचा पंप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

आमच्या कर्वेनगरच्या घरात, काचेच्या कपाटात एक ब्राँझपदक आहे. राष्ट्रीय स्पर्धेतलं, पाच हजार मीटरचं. पाहुणे आले की नवरा हौसेनं कपाट उघडतो, पदक त्यांच्या हातात देतो, आणि मी चहा टाकायला आत जाते. वीस वर्षं होत आली, मी आत जाऊन चहाच टाकतेय. लोकांना वाटतं, बाई फार विनयी आहेत.

विनय वगैरे काही नाही हो. पण थांबा — आधी दुर्गाबद्दल सांगते. तिच्याशिवाय माझं काही कळायचं नाही.

दुर्गा यवतमाळकडची. वडील इथे पुण्यात, मार्केट यार्डात हमाली करायचे, मिरचीच्या गाळ्यांवर. ती दहावी झाल्यावर त्यांनी तिला आणि तिच्या आईला इकडे आणलं. त्या मिरचीच्या खकाण्यात आणि धान्याच्या धुरळ्यात राहून तिला दमा लागला, की गावाहून येतानाच होता, कोण जाणे. पण पळायला उतरायच्या आधी ती खिशातून निळा पंप काढायची, तोंडात दोनदा मारायची, क्षणभर श्वास धरायची, आणि मग आम्हा सगळ्यांना मागे टाकून निघून जायची.

‘आम्हा सगळ्यांना’ म्हणतेय, पण मला म्हणायचंय ‘मला’. बाकीच्या आधीही मागेच होत्या.

आमच्या मैदानावर एक रीत होती. सर — खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गळ्यात दोरीला स्टॉपवॉच — कुणाला शाबासकी देत नसत. जी मुलगी पहिली येई, तिच्या हातात ते घड्याळ देत. मग तिनं सरांच्या शेजारी उभं राहायचं आणि मागून येणाऱ्यांच्या वेळा मोठ्यानं सांगायच्या. पाच वर्षं ते घड्याळ माझ्या हातात होतं. त्याच्या बटणाची खाच माझ्या अंगठ्याला पाठ होती. दुर्गा आली, आणि तीन महिन्यांत ती तिथे उभी राहिली. मी शेवटच्या वळणावरून धापा टाकत येतेय आणि ती ओरडतेय, “ताई, सतरा बावन्न! ये ये, ताई!”

तिला खरंच आनंद झालेला असायचा. हे कसं सहन करायचं, सांगा? कुणी कुत्सितपणे हरवलं तर माणूस निदान रागावू शकतो.

माझ्याकडे सगळं होतं. हिंजवडीला नवीकोरी नोकरी, कंपनीची बस, बाहेरून मागवलेले बूट. काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. त्यात मी हुशार होते. दुर्गाकडे फाटून पुन्हा शिवलेले बूट होते आणि तो पंप होता. मी बुटांकडे कधी पाहिलं नाही. पंपाकडे पाहायचे.

एकदा मैदानावर मीच म्हणाले, “दुर्गाला काय, हवा भरून आणतात.” पुण्यात असं बोललेलं वाया जात नाही. आठवडाभरात सगळ्या मैदानाचा तो विनोद झाला. दुर्गाही हसायची. पण मी काय पेरलं होतं ते मला नीट माहीत होतं — ती पळते ती स्वतःच्या जोरावर नाही, काहीतरी घेऊन पळते. मी तसं सरळ कधीच म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती कबूल करायला मला पदकापेक्षाही जड जातंय.

एका सकाळी तळजाई टेकडीच्या पायथ्याशी दुर्गा पिशवी माझ्याकडे ठेवून गेली होती. मी तिचा पंप काढला. तिला पाहिलं होतं तसा तोंडात धरला आणि दोनदा मारला. मग पळाले. वाटलं होतं, आज कळेल हिचं गुपित. काय कळलं? छाती धडधडायला लागली, हात थरथरले, आणि चढावर मी नेहमीपेक्षा मागे पडले. सरांनी विचारलं, “काय हो, आज झोपेतच पळताय का?” मी म्हणाले, पोट बिघडलंय.

म्हणजे मला माहीत होतं. बाकीच्यांना शंका असेल, मला नव्हती. त्या पंपानं तिला फक्त तेवढा श्वास मिळत होता, जेवढा मला देवानं फुकट दिलेला होता. पाय तिचेच होते. मी हे स्वतःच्या छातीत तपासून पाहिलं होतं, आणि तरीही पुढे जे केलं ते केलं.

त्या वर्षी सरांनी सांगितलं की दम्याचं औषध घेणाऱ्या खेळाडूला आधी वैद्यकीय परवानगी काढावी लागते. डॉक्टरांचं पत्र, अर्ज, सगळं इंग्रजीत. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा, ही मैदानाची दुसरी रीत. ई-मेलचा पत्ताही फक्त माझ्याकडेच होता. कुणाचा प्रवेशअर्ज असो, कुणाचा पासपोर्ट, संपर्काच्या रकान्यात माझाच पत्ता. मी मैदानाचं पोस्ट ऑफिस होते, आणि मला त्याचा तोरा होता.

“मले त त्यातलं काई समजत नाही, ताई,” दुर्गा म्हणाली. “तूच भर. तू भरलं म्हणजे झालं.”

मी भरला. अगदी नीट भरला, खोटं नाही सांगत. पाठवलासुद्धा. तोवर मी बरी होते.

आठ दिवसांनी दुपारी, ऑफिसात, उत्तर आलं. चार ओळी. श्वासाच्या चाचणीचा अहवाल जोडलेला नाही. दोन आठवड्यांत पाठवावा. तोवर परवानगी नाही. अहवाल मिळवणं अवघड नव्हतं. दवाखान्यात जाऊन नळीत फुंकायचं, कागद आणायचा, मी तो पाठवायचा. दोन दिवसांचं काम. मी ठरवलं, उद्या सकाळी सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, राष्ट्रीय स्पर्धेत दुर्गा पहिल्या तिघींत आली तर खेळाडूंच्या कोट्यातून तिची सरकारी नोकरी पक्की. वरून बोलणं झालंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हीही चाललाच आहात संघातून. तिला सोबत होईल.”

सोबत. पाच वर्षं घड्याळ धरलेल्या बाईला सोबत म्हणून न्यायचं.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. विसरले असते तर बरं झालं असतं — मी विसरले नव्हते. रोज ऑफिसात बसल्यावर ती मेल उघडायचे, वाचायचे, बंद करायचे. चौदा दिवस. पंधराव्या दिवशी हलकं वाटलं, कारण आता सांगून उपयोग नव्हता.

निघायच्या आदल्या सकाळी तिनं विचारलं, “ताई, तो परवानगीचा कागद आला का?”

“झालंय ते काम,” मी म्हणाले. “तू पळण्याकडे लक्ष दे.”

तीन शब्द. त्याला विचार लागला नाही, हीच मला भीती वाटते माझी.

ती दुसरी आली. मी चौथी. शर्यत संपल्यावर उत्तेजकांच्या तपासणीसाठी तिला आत नेलं. औषध कुठलं घेता, असं विचारल्यावर तिनं पंप काढून त्यांच्या टेबलावरच ठेवला, आणि फॉर्मवर लिहवून घेतलं की परवानगी काढलेली आहे. लपवायचं असतं तिला, तर लपवलं असतं की नाही? कागद मागितला तेव्हा तिनं सांगितलं, ताईजवळ आहे.

तपासणीत ते औषध सापडल्याचं कळवण्यात आलं, तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ‘अहो’ सोडलं. “मंजिरी, तुझ्या मेलमध्ये बघ बेटा. अर्ज पोचल्याचं काहीही असलं, एक ओळ असली, तरी पोरीची बाजू मांडता येईल.”

एक ओळ नाही, चार होत्या. ऑफिसात जाऊन मी त्या पुन्हा वाचल्या. दाखवल्या असत्या तर अर्ज खरोखर गेला होता हे कळलं असतं. पण उत्तर कोणत्या तारखेला आलं आणि ते कुणी दाबून ठेवलं, हेही कळलं असतं. मी मेल पुसून टाकली. मग जिथून पुसलेलंही परत काढता येतं, तिथूनही पुसली. सांगितलं ना, कामात हुशार होते.

सरांना म्हणाले, “अर्ज पाठवला होता. उत्तरच आलं नाही.”

दुर्गावर एक वर्षाची बंदी आली. नोकरीची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. तिचं पदक गेलं, आणि निकालात सगळे एकेक पायरी वर सरकले, तशी मी तिसरी झाले. मैदानावर लोक म्हणाले, तरीच! हवा भरून आणतात म्हणायचो ना आपण? माझंच वाक्य, माझ्यापर्यंत फिरून आलं. मी मान डोलावली.

ती माझ्या घरी आली होती एकदा. मला वाटलं, कळलं हिला. तर ती म्हणाली, “ताई, तुह्यावर बोल आला माह्यामुळं. तू त सारं केलं होतं. त्यायनंच उत्तर नाही देल्लं.” माझी माफी मागायला आली होती ती. मी तिला पोहे दिले. बंदी संपल्यावर ती मैदानावर आली नाही, आणि मी बोलवायला गेले नाही. सरांनी घड्याळ परत माझ्या हातात दिलं. पण मला ते घेऊन उभं राहवेना. त्या वर्षीच पळणं सोडलं.

गेल्या महिन्यात तिखटासाठी मिरच्या घ्यायला मार्केट यार्डात गेले होते. एका गाळ्यावर काट्याजवळ ती उभी. केस थोडे पांढरे झालेत, ओढणी नाकावर बांधलेली. मला पाहून ओढणी खाली केली, आणि गाळ्याच्या मालकाला म्हणाली, “हे माही ताई. माह्यासाठी लय केलं हिनं.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “पळणं सुटलंच असेल आता?”

“नाही वं. रोज तळजाईवर जातो मी सकाळी. एकटीच.” आणि हसून तिनं पाच किलोमीटरची वेळ सांगितली.

लाज वाटायला हवी होती, नाही? तिथे, मिरच्यांच्या पोत्यांमध्ये, ती नाकावरची ओढणी पाहून? मला आधी काय वाटलं ते सांगते. मी मनात हिशेब केला की या वयात, या छातीनं, ही बाई अजूनही माझ्यापुढे आहे. आणि जळले. वीस वर्षांपूर्वीसारखीच, तितकीच जळले. लाज नंतर आली, रिक्षात.

तिला मी काही सांगितलं नाही. तिनं मिरच्या निवडून दिल्या, देठं काढून, आणि मी घरी आले. परवा पाहुणे आले, तेव्हा नवऱ्यानं पदक काढलं.

त्या मेलच्या चारही ओळी मला अजून पाठ आहेत. उत्तर आलं होतं, दुर्गा. मी ते चौदा दिवस रोज वाचत होते.