चिमणी साफ होती

आता म्हणे सरकार कारखान्यांच्या धुरातला कार्बन पकडून जमिनीत ठेवायले पैसा देऊन राहिलं आहे. पुतण्यानं परवा फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, "काकू, काका काळाच्या किती पुढं होते न!" मी म्हटलं, पुढं होते म्हणूनच तर मागं राहिले बाबा.  कुकर लावायचा आहे म्हणून फोन ठेवून दिला.

आमचे हे भिलाईच्या स्टील प्लांटमधे अफसर होते. सेक्टरमधे क्वार्टर, अंगणात बिहीचं, म्हणजे पेरूचं झाड, पहिल्या तारखेले पगार. वर्ध्याकडच्या माणसाले अजून काय पाहिजे? पण यांच्या डोक्यात किडा होता. चुना भाजताना दगडातून एक गॅस निघते, कोळशातूनही तीच निघते; तिले ना रंग ना वास, पण एक दिवस हीच सगळ्यायले भाजून काढणार, असं हे जेवता जेवता सांगायचे. तिले चिमणीतच पकडायची अन् जमिनीच्या पोटात खोल नेऊन ठेवायची. मी म्हणायची, "साऱ्या गावाच्या घरी धूर आहे, तुम्हालेच कावून खोकला?" हे हसायचे अन् अजून एक पोळी मागायचे. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती, अन् असल्या गोष्टी भोपाळले काय न् दिल्लीले काय, कोणाच्या गावीही नव्हत्या.

तरी यांनी दिल्लीले अर्ज केला. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. यांच्या अर्जाले त्याहून कितीतरी जास्त लागले. अन् एक दिवस मंजुरी आली. नव्या कामाले सरकार पैसा देईल, पण माणसानं दुसरीकडे नोकरी करायची नाही, अशी अट होती. यांनी राजीनामा दिला. सेक्टरमधल्या आमच्या मराठी बाया मले भेटायले आल्या त्या अशा तोंडानं आल्या की जसं काही घरात कोणी गेलं आहे. एकीनं तर माझा हातच धरला. मी म्हटलं, "अवं, नोकरी गेली आहे, नवरा आहे अजून. चहा घे."

पैसा दोन हप्त्यांत यायचा होता. पहिला हप्ता गॅस पकडायचं यंत्र बांधायले. दुसरा, खोल भोक पाडून ती गॅस खाली ठेवायले. अन् दुसरा हप्ता तेव्हाच, जेव्हा दिल्लीची कमिटी येईल अन् यंत्र चालताना आपल्या डोळ्यानं पाहील. नाही पाहिलं तर सगळंच बंद. प्लांटची नोकरी तर गेलीच होती, अन् गेलेली जागा कोणी राखून ठेवत नाही.

आम्ही भिलाई-३ ले दोन खोल्यांत राहायले गेलो. यंत्र बसलं हथखोजच्या कारखान्यांच्या भागातल्या एका चुनाभट्टीवर. मालक रायपूरले राहायचा. त्याले कोणी फुकटात शेड बांधून देऊन राहिलं म्हटल्यावर कावून नाही म्हणेल? दोन उंच ड्रम, नळ्यांचं जाळं, एक छोटा बॉयलर, अन् शेवटी पकडलेली गॅस दाबून सिलिंडरमधे भरायचं मशीन. भोपाळचं ते झाल्यापासून गॅस म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरकायचे. आमच्या किराणावाल्यानं यांले एकदा हळूच विचारलं, "साहब, ये वाली से कुछ होता तो नहीं न?" हे त्याले अर्धा तास समजावत बसले. मागं मी साखरेसाठी ताटकळत उभी.

भट्टी चालवायचा एक म्हातारा मिस्त्री. छत्तीसगढी माणूस, अंगानं काटक, भुवया आगीनं कायमच्या जळलेल्या. साऱ्या हथखोजमधे त्याले कोणी "ए" च्या वर हाक मारली नसेल. हे त्याले "कका" म्हणायचे, तिकडे काकाले तसंच म्हणतात. दुपारी दोघं शेडच्या सावलीत बसायचे अन् मिस्त्री आपल्या डब्यातली बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, यांच्यापुढं सरकवायचा. मी पोळीभाजी देऊन पाठवायची अन् हे घरी येऊन सांगायचे की बासी खाल्ली, कांद्यासोबत. मले राग यायचा. पण यांले कावीळ झाली तेव्हा तो म्हातारा रोज सायकलीनं हथखोजहून आमच्या दारी यायचा अन् कुठला तरी पाला ठेवून जायचा. पाण्याचा गिलास दिला तर उभ्यानंच प्यायचा. त्यानंतर मी डब्यात दोघांच्या पोळ्या देऊ लागली.

यांनी त्याले यंत्र दाखवलं होतं. "कका, ये मशीन धुआं खाती है," एवढंच सांगितलं होतं. सोपं करून सांगायची यांले सवयच होती.

आता हथखोजची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. प्रदूषणवाले साहेब तपासणीले येणार असले की आदल्या दिवशीच साऱ्या भागात खबर लागायची. मग भट्ट्यांची हवा बंद, कोळसा बंद. साहेब यायचे, मान वर करून चिमण्या पाहायचे, चहा-समोसा घ्यायचे, जायचे. साहेबायलेही माहीत होतं, मालकायलेही माहीत होतं. मिस्त्रीचं सारं आयुष्य त्यातच गेलेलं. साहेब येणार म्हणजे चिमणी साफ पाहिजे, ही त्याची नोकरी होती. ज्या दिवशी धूर दिसला त्या दिवशी त्यानं मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

कमिटी यायची ठरली तेव्हाच यांले कसल्याशा सहीसाठी भोपाळले जावं लागलं. तिथूनच कमिटीले घेऊन दुर्गले उतरणार होते. निघायच्या आधी भट्टीवर जाऊन मिस्त्रीले म्हणाले, "कका, कमेटी आ रही है. सब ठीक रखना. मेरी इज्जत आपके हाथ में है." मिस्त्री म्हणाला, "फिकर झन करव साहब." म्हणजे काळजी करू नका. हे घरी येऊन मले म्हणाले, "भट्टीची काही चिंता नाही, कका आहे."

त्या दिवशी मी वडाभात केला, पाटोड्यांचा रस्सा केला. दिल्लीचे लोक, तिखट झेपते का नाही म्हणून दही वेगळं घेतलं. डबे घेऊन टेम्पोनं हथखोजले गेली. वळणावरून भट्टी दिसली, अन् खरं सांगते, मले बरं वाटलं. चिमणी एकदम साफ, वर निळं आभाळ. शेड झाडलेली. दाराले आंब्याच्या पानाचं तोरण. मिस्त्री धुतलेला सदरा घालून, केसाले तेल लावून हात जोडून उभा. मनात म्हटलं, वा, यांच्या यंत्रानं सगळाच धूर खाल्ला की काय.

तेवढ्यात जीप आली. तिघं साहेब उतरले, मागून हे. सगळ्यात मोठे साहेब वर पाहून म्हणाले, "वाह, चिमनी तो एकदम साफ है." हेही वर पाहायले गेले, अन् यांचा चेहरा पाहून माझ्या हातातला डबा जड झाला.  हे सरळ भट्टीकडे गेले अन् तिच्या भिंतीवर तळहात ठेवला. ज्या भिंतीजवळ एरवी उभं राहवत नव्हतं, तिच्यावर हे हात ठेवून उभे राहिले. 

भट्टीच थंड, तर गॅस कुठून येणार? यंत्र चालू केलं. मोटर फिरली, पंप फिरला, काटा शून्यावरून हलला नाही. हे साहेबायले सांगू लागले की भट्टी विझली आहे, दगड-कोळशाचे थर पुन्हा रचून ताव धरायले चार-पाच दिवस लागतील, तेवढं थांबा, नाहीतर पुन्हा या. साहेब भले होते, शिव्या द्याव्या असे नव्हते. म्हणाले, दौरा दुसऱ्यांदा मंजूर होत नाही, मार्च तोंडावर आहे, पैसा दिला नाही तर परत जाईल. यांनी भरलेले सिलिंडर दाखवले. साहेब हळूच म्हणाले, "ये तो बाजार से भी भरवाए जा सकते हैं. मैं नहीं कह रहा कि आपने भरवाए हैं. पर हम वही लिखेंगे जो देखेंगे."

यांच्यासारख्या माणसाले असं ऐकावं लागलं. 

मग साहेब जेवले. वडाभाताची तारीफ केली, एकानं तर दोनदा घेतला. मी वाढलं. हात आपला चालत होता. जीप गेली अन् मिस्त्री पुढं आला, चेहरा असा फुललेला की काय सांगू. त्यानं दोन दिवसांपासून भट्टीले हवा दिली नव्हती. "साहब, एक रत्ती धुंगिया नइ निकलिस," म्हणाला. एवढासाही धूर निघाला नाही. माझं तोंड उघडलंच होतं. माझी जीभ कशी आहे ते सेक्टरमधे कोणालेही विचारा. पण यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, "चूप राय." अन् मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बढ़िया किया कका."

घरी आल्यावर मी भांडली. म्हटलं, "त्या म्हाताऱ्यानं तुमच्या साऱ्या कष्टाची माती केली अन् तुम्ही त्याले शाबासकी देता? मी उद्या जाऊन सांगते त्याले." हे पलंगावर बूट न काढता बसले होते. म्हणाले, "काय सांगशील? आजवर त्यानं धाकानं भट्टी विझवली. एकदाच प्रेमानं विझवली, ती माझ्यासाठी. अन् त्याले हे शिकवलं कोणी? आपल्यासारख्या साहेबायनंच न?" मग म्हणाले, "मीच त्याले यंत्र काय खाते ते नीट सांगितलं नाही." अन् हा माणूस रडला. आमच्या लग्नात रडला नाही, बाप गेला तेव्हा रडला नाही. मी दिवा मालवला, कारण मले पाहवत नव्हतं.

पुढं यांनी जामुलकडे एका प्रयोगशाळेत नोकरी धरली, सिमेंटचे नमुने तपासायची. शिकवण्या घेतल्या. गॅसचं नाव पुन्हा कधी काढलं नाही, अन् जाईपर्यंत तब्येतीची कुरकुरही केली नाही. पण ते नंतरचं. आधी दिल्लीहून कागद आला. काम पाहणीच्या वेळी बंद आढळलं, सबब दुसरा हप्ता नाही. यंत्र सरकारच्या पैशाचं, म्हणून ते परत करायचं. सिलिंडर रिकामे करून परत करायचे.

रिकामे करायले हे स्वतः गेले. मी सोबत गेली, एकटं सोडवत नव्हतं म्हणून. भट्टीमागच्या मोकळ्या रानात सिलिंडर आडवे मांडले. यांनी पान्यानं पहिला उघडला. जोरात फुस्स आवाज झाला, तोटीवर बर्फ जमला, पांढरं धुकं गवतावरून थोडं सरकलं अन् दिसेनासं झालं. इतक्या दिवसांत पकडलेली गॅस, शेवटी हवेतच गेली. दुसऱ्या सिलिंडरले यांचा हात चालेना. तेव्हा मिस्त्रीनं पाना हातातून काढून घेतला अन् तोच एकेक उघडू लागला.

उघडता उघडता तो सरकारले शिव्या देत होता. एवढी साफ चिमणी दाखवली, तरी पैसा दिला नाही. असं कसं सरकार?  हे गवताकडे पाहून राहिले होते.

शेवटचा सिलिंडर उघडायच्या आधी मिस्त्री थांबला. घाम पुसून म्हणाला, "अगले बार कमेटी आही त मोला पहिली ले बताहू साहब. आठ दिन पहिली भट्ठी बुझा देहूं. चिमनी ऊपर कौआ बइठही, कौआ." पुढच्या वेळी मले आधी सांगा, आठ दिवस अगोदरच विझवून ठेवीन, चिमणीवर कावळा येऊन बसेल इतकी थंड.

यांनी त्याच्या हातून पाना घेतला, शेवटच्या तोटीले लावला अन् म्हणाले, "हां कका. सबसे पहले आप ही को बताऊंगा."