तपासायला काहीच नसताना

मी नोकरीसाठी पुण्याला निघाले होते. एसटीला अर्धा तास होता. माझे वडील, आप्पा, मला स्टँडवर न नेता आधी दवाखान्यात घेऊन गेले. तिसगावातून लांब कुठं निघालं की डॉक्टरचाचांना दाखवून जायचं, ही आमच्या घरची रीत. मी ठणठणीत होते. तरी चाचांनी छातीला नळी लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले, जसं आत कुणी ओळखीचं बोलतंय. मग म्हणाले, "बेटा, तिथं एक डॉक्टर धर. दर वेळी नवा नको."

मी हसले. पुण्यात डॉक्टरांना काय तोटा?

खरंच नव्हता. ताप आला की कधी ऑफिसजवळचा, कधी कोपऱ्यावरचा, कंटाळा आला तर मोबाईलवरचा. प्रत्येकाचा नवा फॉर्म. आमच्या घरातली पहिली बीकॉम मी. आप्पा जिथं अंगठा उमटवत आले, तिथं मी इंग्रजीत भराभर लिहायचे, आणि त्याची मला ऐट होती. कुठल्या औषधाची ॲलर्जी? नाही. ठसठशीत अक्षरात.

गेल्या वर्षी घशासाठी घेतलेल्या एका गोळीनं ओठ सुजले, श्वास अडकला. शेजारणीनं रिक्षात घातलं म्हणून वाचले. इंजेक्शनच्या गुंगीत मला चाचांचा दवाखाना दिसत होता. निळा पडदा, स्पिरिटचा वास, बाकाखाली बाजाराच्या पिशव्या. पडदा हलायचा, पण आत कुणी बोलवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुला ती गोळी न्हाईच चालत. चौथीत लई सुजली हुतीस."

मग मला कधी सांगितलं का नाही?

"डॉक्टरला ठाऊक हुतं की."

निघताना मी चटणी घेतली, गोधडी घेतली, सगळी सर्टिफिकेटं घेतली. माझ्या अंगाची हकीकत मात्र चाचांकडेच राहिली. त्यांना फोन केला, तर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आता तुला कोण बघतं?" मी ऑफिसजवळचा, कोपऱ्यावरचा, असं मोजायला लागले.

गावाकडच्यांनो, लेकराला डबा बांधून देता, तसं त्याला काय चालत नाही तेही लिहून द्या. आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, एक डॉक्टर धरा.

मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडे गेले, काही दुखत नसताना. चौथीपासूनचं सगळं सांगितलं, बोलता बोलता आप्पांच्या दुखऱ्या गुडघ्याचंही. त्यांनी हातानं लिहून घेतलं. परवा तिसऱ्यांदा गेले, तर फॉर्म पुढं आला नाही. बाई म्हणाल्या, "ये. आप्पांचा गुडघा काय म्हणतोय?"

खिडकीशी साधा पांढरा पडदा होता. मला तो निळा दिसला.